फाटकाबाहेरची बातमी

ह्या माणसाबद्दल चांगलं बोलणारे ड्रेस्डेनमध्ये ढिगाने सापडतील. मी त्यांच्यातला नाही, हे आधीच सांगून टाकतो. इथल्या मराठी मंडळातल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल, "सर ना? वल्ली आहेत, पण माणूस सोन्यासारखा." वल्ली आहेत, हे मला मान्य आहे. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

मी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात लागलो तेव्हा ते तिथे कधीचे मुरलेले होते. मूळचे मिरजेचे. लग्न केलेलं नाही. जर्मन लोक त्यांना 'हेर डॉक्टर' म्हणायचे, आम्ही 'सर'. त्यांचं काम एकच, धूळ. चिप जिथे बनते त्या क्लीनरूममध्ये धूळ जाऊ द्यायची नाही, ह्याचा पगार त्यांना मिळायचा. आत शिरण्याआधी बूट बदला, हात धुवा, टोपी, मास्क, पांढरा झगा, ग्लोव्ज चढवा, मग हवेच्या झोताखाली उभं राहून स्वतःभोवती गोल फिरा. आम्ही बाकीचे हे सगळं पाट्या टाकल्यासारखं उरकायचो. सर मात्र आतल्या दारापाशी थांबून कमरेत वाकायचे. यंत्रांना नमस्कार! जर्मन पोरं एकमेकांना कोपरं मारायची. सर ढुंकूनही बघायचे नाहीत.

"आत काय नेतोयस ते बघ," हे त्यांचं पालुपद. आफ्टरशेव्हचा वास आला की माणूस परत बाहेर. कामाशिवाय दुसरं बोलायला लागलात तरी तेच. एकदा आमच्या शिफ्टमधला एक मेकॅनिक मशीनपाशी उभ्या उभ्या बायकोच्या तपासण्यांचं काहीतरी सांगायला लागला. पार खचला होता बिचारा. सरांनी हात वर करून त्याला थांबवलं. "बाहेर. हे सगळं फाटकाबाहेर." तो परत मशीनकडे वळला. आणि हेच सर सुट्टी झाल्यावर गेटबाहेर, थंडीत, त्याच्यापाशी उभे राहून त्याचं सगळं ऐकत होते, त्याचं रडून होईपर्यंत. मला ते तेव्हा फार थोर वाटलं होतं. म्हटलं, बघा, माणसाला प्रत्येक गोष्टीची जागा कळते. थोर कसलं डोंबलाचं!

आमची काही यंत्रं जपानहून यायची. जहाजावर चढवण्याआधी तिथे जाऊन ती पास करावी लागायची, आणि ते काम सरांकडे असायचं. पहिल्याच खेपेला तिथल्या एका म्हाताऱ्या इंजिनियरने त्यांना डोंगरातल्या एका प्राचीन शिंतो देवळात नेलं, आणि गृहस्थ जे बिघडून परत आले ते बिघडूनच राहिले. त्या धर्मात आपल्यासारखी मूर्ती समोर दिसत नाही. देव झाडात, धबधब्यात, दगडात. आणि सगळा भर कशावर, तर शुचिर्भूत होण्यावर. आलं का लक्षात? मिरजेच्या घरातलं सोवळं-ओवळं ह्याच माणसाने कॉलेजात असताना भांडून टाकून दिलं होतं. आईशी अबोला धरला होता त्यावरून, असं स्वतःच अभिमानाने सांगायचे. घरचं सोवळं तेवढं मागासलेलं, आणि तेच किमोनो घालून समोर आलं की संस्कृती!

मग त्यांनी त्या संस्कृतीने सगळ्यांना पिडलं. ग्रोसर गार्टनमध्ये फिरायला गेलो तर रस्त्याच्या कडेकडेने चालायचं, कारण मधली वाट देवाची. मी म्हणायचो, "सर, ही बाग सॅक्सनीच्या राजाची होती, देव कुठून आला?" ते म्हणायचे, "तू कडेने चाल." प्लाटेनबाऊमधल्या, म्हणजे जुन्या काँक्रीटच्या ठोकळेबाज इमारतीतल्या, त्यांच्या चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत त्यांनी एक लाकडी देवघर ठेवलं होतं आणि त्यावर गवताचा जाड दोर बांधून त्याला पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या लावल्या होत्या. खालच्या आजीबाईंनी येऊन त्यांना हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीची नियमावली, वाचून दाखवली, की रविवारी बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत. सरांनी हुज्जत घातली नाही. दर शनिवारी संध्याकाळी दोर उतरवायचे, सोमवारी पहाटे परत बांधायचे. नियम म्हटला की माणूस खूश, मग तो देवाचा असो की सोसायटीचा.

मंडळाच्या गणपतीला तर विचारू नका. हॉलच्या दारात बादली आणि बांबूची पळी घेऊन उभे. आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, मग पळी उभी धरून तिची दांडी धुवायची, म्हणजे पुढच्या माणसाच्या हाती स्वच्छ पळी जाते. पैठण्या भिजलेल्या बायका कावायच्या. "अहो सर, आरती होईल आमच्याशिवाय!" सर हलायचे नाहीत. पोरांना मात्र भारी मजा यायची, ती पुन्हा पुन्हा रांगेत उभी राहायची.

मीही हसायचो, पण मला ते आवडायचे. खरं ते सांगतो. मला घर मिळत नव्हतं तेव्हा ते माझ्याबरोबर घरं बघत हिंडले. अनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या, कचेरीत बाजूला बसून माझं अडखळतं जर्मन सावरलं. बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा मी आत मशीनवर अडकलेलो, तर तिला हॉस्पिटलात त्यांनी नेलं आणि मी पोचेपर्यंत बाहेरच्या बाकावरून उठले नाहीत. नाशिकला आई-बाबांना मी फोनवर सांगायचो, इथे माझं कुणी वडीलधारं आहे म्हणून. बाबा म्हणायचे, "त्यांना नमस्कार सांग माझा."

म्हणून तर इतका राग आहे. परक्याने केलं असतं तर शिव्या घालून मोकळा झालो असतो.

त्या वर्षी नवीन यंत्र पास करायला सरांनी मला बरोबर नेलं. काम झाल्यावर एक दिवस मोकळा होता, तो देवळासाठी. त्या म्हाताऱ्या इंजिनियरने आपली ओळख लावून आम्हा दोघांसाठी आतल्या सभामंडपातल्या पूजेची सोय केली होती. एरवी लोक बाहेरूनच हात जोडून परततात. सर इतक्या वर्षांत कधी आत गेले नव्हते. आदल्या दिवसापासून त्यांनी मटण-मासे सोडले, मलाही सोडायला लावले.

माझ्या फोनला तिथे नेट नव्हतं. सरांनी विमानतळावर वायफायचं एक छोटं डबडं भाड्याने घेतलं होतं, ते त्यांच्या खिशात असायचं. ते लांब गेले की माझा फोन मुका. सकाळी स्टेशनवर मी पलीकडच्या दुकानात रांगेत उभा राहून न्याहारीसाठी भाताचे त्रिकोणी गोळे घेत होतो, तेवढ्यात तिकडे त्यांचा फोन वाजला. ते बोलत बोलत प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेले. बराच वेळ बोलत होते. एक ठेवून दुसरा लावला. परत आले तेव्हा मी विचारलं, "ऑफिसचा?"

"चल, गाडी आली," ते म्हणाले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "डबडं बंद केलंय मी. बॅटरी पुरायला हवी."

मी म्हटलं, "बरं."

देवळाकडे जाताना पहिली चौकट लागते, ती म्हणजे दोन लाकडी खांब आणि वर आडव्या तुळया, बस. भिंत नाही, दार नाही. पण तिच्या आत देवाचं आवार. तिथे वाकायचं, मग आत पाऊल टाकायचं. दोन्ही बाजूंना प्रचंड उंच झाडं, पायाखाली बारीक खडी, चालताना तेवढाच आवाज. सर पुढे, कडेकडेने. पाण्याच्या कुंडापाशी मी सरांनी शिकवल्याप्रमाणे डावा हात, उजवा हात, चूळ केलं. सर मात्र चुळा भरतच होते. भरतायत, टाकतायत. मीच म्हटलं, "सर, पुरे की आता, पाणी गार आहे." आता मला कळतं ते तोंड कशाला धूत होते.

पूजेसाठी नाव द्यायच्या खिडकीत एका मुलीने हसून वाकून काहीतरी विचारलं. सरांना जपानी चांगलं यायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून. मी विचारलं, "काय म्हणतेय?" ते म्हणाले, "नेहमीचंच विचारतात." ते नेहमीचं काय असतं, ते मी ड्रेस्डेनला परतल्यावर एका जपानी सहकाऱ्याला विचारून घेतलं. घरात कुणी नुकतंच वारलेलं नाही ना, हे विचारतात. त्यांच्याकडेही सुतक असतं. सुतकातला माणूस त्या चौकटीच्या आत पाऊल टाकत नाही.

आत आम्ही चटईवर बसलो. ढोल वाजला. पुजाऱ्याने पांढऱ्या कागदांचा झुपका आमच्या वाकलेल्या डोक्यांवरून सळसळ करत फिरवला. लाल घागऱ्यातल्या दोन मुली हातात घुंगरांचे झुबके घेऊन इतक्या सावकाश नाचल्या की मला पेंग आली. शेवटी उथळ वाटीत तांदळाची दारू दिली, तीर्थासारखी. मग एकेकाने पुढे जाऊन दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मनातलं मागायचं, पुन्हा एकदा वाकायचं.

सर माझ्या कानाशी म्हणाले, "घरच्यांसाठी माग. वडिलांसाठी माग."

बाबांचा गुडघा तेव्हा फार दुखायचा. ऑपरेशनला घाबरत होते. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पँट वर करून मला सूज दाखवायचे, जसा काही मीच डॉक्टर. मी टाळ्या वाजवल्या आणि मागितलं. बाहेर आल्यावर सरांना हसत सांगितलंसुद्धा. "आधी नोकरी कायम होऊ दे म्हटलं, मग बाबांचा गुडघा बरा होऊ दे म्हटलं. देव म्हणेल, हावरट आहे लेकाचा."

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता नाही दुखणार त्यांचा गुडघा."

मी "थँक्यू सर" म्हणालो. थँक्यू म्हणालो मी!

मग फोटो काढले. हिरव्या चहाचं आइस्क्रीम खाल्लं. सर कुठे घाई करत नव्हते, मी काही विचारलं की नीट समजावून सांगत होते. शेवटच्या चौकटीबाहेर आल्यावर त्यांनी मला वळून वाकायला लावलं. रस्ता ओलांडला, समोरच्या चहाच्या टपरीवर बसवलं आणि म्हणाले, "तुझे वडील गेले. पहाटे. झोपेतच गेले, त्रास झाला नाही."

मी म्हटलं, "कुणाचे?"

"तुझे."

मला आठवतं, मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "पण आत्ता तर दुपार आहे."

ते शांतपणे बोलत होते. क्लीनरूममध्ये नव्या पोराला समजावतात त्याच सुरात. "कानावर येईपर्यंत सुतक लागत नाही. आपल्या शास्त्रातच आहे हे, माझं नाही. स्टेशनवर सांगितलं असतं तर तू फाटकाबाहेर राहिला असतास. मी तुला स्वच्छ आत नेलं. वडिलांसाठी जे कुणाला करायला मिळत नाही ते तुला करायला मिळालं. आता बातमी घे. आता रड."

म्हणजे रडायचीसुद्धा जागा त्यांनीच ठरवलेली! मी त्यांच्या शर्टाला धरलं होतं, एवढं आठवतं. टपरीवरची बाई घाबरून आत पळाली. सरांनी शर्ट सोडवून घेतला नाही. खिशातून ते डबडं काढलं आणि सुरू केलं.

फोनमध्ये बायकोचे मेसेज धडाधड येऊन पडले. काकांना माझा फोन लागला नाही, तेव्हा त्यांनी तिला उठवलं. तिने मला करून करून शेवटी सरांना केला. सर तिला म्हणाले, मी सांगतो त्याला, तू शांत राहा. मग त्यांनी नाशिकला आईला फोन लावला. आईला सांगितलं, की मुलाला कळवलंय, तो कोसळलाय, देवापुढे वडिलांसाठी बसलाय, त्याला आत्ता उठवू नका. विमान जमणार नाही, तुम्ही उरकून घ्या.

उरकून घ्या! बायकोचा शेवटचा मेसेज होता, "अरे, एकदा तरी बोल माझ्याशी. अग्नी काकांच्या मुलाने दिला."

विमान होतं. दुपारी ओसाकाहून बँकॉकमार्गे, दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. हॉस्पिटलवाले शीतगृहात ठेवायला तयार होते, परदेशातल्या मुलांसाठी ठेवतातच. मी बाबांना बघू शकलो असतो. मला दुसरं काहीही नको होतं, मला फक्त एकदा बघायचे होते ते.

नाशिकला पोचलो तेव्हा घरात अस्थींचा कलश होता. काका दारातच म्हणाले, "या. देवदर्शन झालं ना नीट?" आजही लग्नाकार्यात कुणीतरी कुजबुजतंच, हाच तो, बाप गेल्याचं कळूनही जपान सोडलं नाही. मी खुलासा करायला तोंड उघडणार तोच आईने माझा हात धरून मला आत नेलं. म्हणाली, "कोण काय बोलतंय तिकडे लक्ष देऊ नकोस. इथे त्यांना अग्नी देत होते तेव्हा तू तिकडे देवासमोर त्यांच्यासाठी बसला होतास. सरांनी सांगितलंय मला सगळं. मी त्याच्यावरच तगून आहे रे."

आता सांगा, काय बोलणार होतो मी? आई, तेव्हा मला पेंग येत होती, हे? तेव्हा मी आइस्क्रीम खात होतो, हे? मी मान हलवली. आणि ती मान मी पुढे कितीतरी वर्षं हलवतच राहिलो.

ड्रेस्डेनला परत आल्यावर मी शिफ्ट बदलून घेतली. सर एकदाच घरी आले, दारातच उभे राहिले. म्हणाले, "तुझ्यावर उपकार केले असं मी म्हणत नाही. पण चूक केली असंही मला वाटत नाही." बायकोने त्यांच्या तोंडावर दार लावलं. तिला मी अजून त्याबद्दल धन्यवाद देतो. लोक म्हणायचे, सोडून द्या ना, म्हातारा माणूस आहे, हेतू वाईट नव्हता. हेतू! हेतू काय धुऊन प्यायचा आहे? आणि मला तर हेतूचीही खात्री नाही. मला वाटतं, माणसाला इतक्या वर्षांनी आत जायला मिळत होतं, आणि त्याला त्या दिवशी रडणारा सोबती परवडणार नव्हता. एवढंच असेल. किंवा नसेल. हे न कळणं तर जास्त जाळतं.

गेल्या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. आल्या दिवसापासून एकच घोषा, सरांना बोलाव. मी कामाचं सांगितलं, ते आजारी आहेत सांगितलं, ते खरंही होतं. शेवटी ती म्हणाली, "मग मीच जाते. पत्ता दे." तेव्हा मी ठरवलं, बोलवायचं. समोरासमोर बसवून आईला सगळं सांगायचं. पुढचं जे व्हायचं ते होवो. बायको म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की. गेनाऊ."

ते आले. पार वाळलेले. दारात बूट काढून, पिशवीतून स्वतःच्या सपाता काढून घातल्या. मी हळूच म्हटलं, "आज सांगणार आहे मी तिला."

"सांग," ते म्हणाले. "तुझा हक्क आहे."

आईने त्यांना कोचावर बसवलं, स्वतः खुर्ची जवळ ओढून बसली. बायकोने चहा आणून आपटला. आईचं लक्षही नव्हतं. ती म्हणाली, "सर, एक विचारायचं राहून गेलंय. हा मला काही सांगत नाही, विषय निघाला की उठून जातो. तुम्ही शेजारी होता. त्या दिवशी ह्यांच्यासाठी ह्याने देवाकडे काय मागितलं हो?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. घाई केली नाही. तसेच बघत थांबले. माझ्यासाठी थांबले होते, हे मला स्पष्ट कळत होतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, कितीतरी वर्षांपासून घोटलेलं. बायको दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. आईही माझ्याकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की माझ्याच्याने तोंड उघडवेना.

मग सर तिला म्हणाले, "वहिनी, त्यांचे पाय दुखायचे थांबू देत, असं मागितलं त्याने."

आईने तोंडाला पदर लावला. "हो हो. गुडघ्याने फार गांजले होते शेवटी. बघ, तुला तेवढ्यातही त्यांचा गुडघा आठवला!" ती रडत होती आणि हसतही होती. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसत मला म्हणाली, "अरे, असा काय उभा राहिलायस? पाया पड त्यांच्या."

सरांनी पाय मागे घेतले. "नको, वहिनी. नको."

"अहो, पडू दे हो त्याला. वडिलांच्या जागी आहात तुम्ही."

तेव्हा त्यांनी पाय पुढे केले. मी वाकलो. बायको उष्ट्या कपबश्या तशाच टाकून आत निघून गेली.